घरी आणलेला चोर

सव्वीस वर्षांत माईने पकडलेला एकही चोर घरी आणला नव्हता. चोर पकडायचा, हातपाय बांधायचे, पोलीस ठाण्याच्या कुंपणाला टेकवून ठेवायचा आणि कुणी बाहेर यायच्या आत नाहीसं व्हायचं, हा तिचा शिरस्ता. त्यामुळे त्या दुपारी साडेतीनला बेल वाजली आणि दारात माईबरोबर काका उभे दिसले, तेव्हा सुनेच्या मनात काहीच आलं नाही. काका म्हणजे माईचे धाकटे दीर. दुकानातून या वेळी ते रोजच चहाला घरी यायचे.

"आज दोघं बरोबर कसे?" सून म्हणाली आणि मग तिचं लक्ष काकांच्या उजव्या मनगटाकडे गेलं. जिथे वाकायला नको तिथे ते वाकलं होतं. "अगंबाई! पडलात की काय?"

काका खाली बघत राहिले. माईच्या कपाळावर काळा मुखवटा सरकवलेला होता. भरदुपारी, शेजारपाजारच्यांच्या जिन्यातून ती तशीच वर आली होती आणि तिला त्याचं भान नव्हतं.

"पडले नाहीत," माई म्हणाली. "मी धरलं."

"म्हणजे?"

"मागच्या इमारतीत. चौथ्या मजल्यावर. शिवणकामवाल्या बाई डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्यात ना, त्यांच्या दारात. हातात किल्ली होती."

सून शहाणी. तिने पुढचा प्रश्न विचारला नाही. काकांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं, लाकडी पट्टी आणि ओढणी आणून हात बांधला आणि आतल्या खोलीत जाऊन नवऱ्याला आणि नणंदेला फोन लावला. खिडकीशी आरामखुर्चीत आजी बसल्या होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, कानाने अधू. लेकाला बघून त्या नेहमीसारख्या हसल्या. काकाही हसायला गेले, पण ओठ नुसतेच हलले.

माई उभीच होती. तिला अजून तो आवाज ऐकू येत होता. कुलपाचा आवाज झालाच नव्हता. इतक्या सफाईने किल्ली फिरली होती. आवाज झाला तो हाडाचा. जिन्याच्या कोपऱ्यातून झेप घेऊन तिने मनगट धरलं, पिरगळलं, कट्‌ झालं, आणि मफलरच्या आतून अगदी घरगुती आवाजात कुणीतरी म्हणालं, "हळू, वहिनी."

*

या घराला पोलादबाईचं कौतुक कधी फारसं नव्हतंच. ते नाव वर्तमानपत्रांनी दिलेलं. उलटलेली बस एका हाताने सरळ करणारी, तिजोरीचं दार कागदासारखं दुमडणारी, मुखवट्याआडची बाई कोण, यावर शहराने सव्वीस वर्षं तर्क लढवले. घरात मात्र 'पोलादबाई' म्हणजे टोमणा होता. दूध उतू गेलं की आजी म्हणायच्या, "पोलादबाई कुठे उलथली आहे?" मुलांची आजारपणं, शाळेतल्या भेटी, केस विंचरणं, सगळं काकांनी केलं. त्यांनी लग्न केलं नाही. भावाबरोबर चौकातलं किल्ल्यांचं दुकान चालवलं, आणि वहिनीला एखाद्या बंद दाराआड जायचं असलं की त्या दाराची किल्लीही त्यांनीच करून दिली.

नऊ वर्षांपूर्वी माईचे गुडघे बोलायला लागले आणि तिने सोडलं. मग नवरा गेला. दुकानात थोरला मुलगा बसू लागला. माई भाजी आणू लागली, आजींना आंघोळ घालू लागली, आणि एका सकाळी तिच्या लक्षात आलं की आपल्याला कुणी काही विचारत नाही.

तेवढ्यात चोऱ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत पाच. सगळ्या दुपारच्या, सगळ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी, आणि एकही कुलूप न तोडता. पाचव्या वेळी एक निवृत्त पोस्टमास्तर अवेळी घरी परतले, तोंडाला मफलर गुंडाळलेल्या चोराला समोर बघून मागे सरकले आणि जिन्यावरून खाली गेले. खुब्याचं हाड मोडलं, डोक्याला मार लागला. त्या संध्याकाळी माईने कपाटाच्या तळातून जुने कपडे काढले. पँटचं बटण लागेना. काकांनी कमरेला पट्टी जोडून दिली, मुखवट्याचं इलॅस्टिक बदललं. "बघ, शोभतेस अजून," असंही म्हणाले.

दोन दिवसांनी पोस्टमास्तरांच्याच इमारतीत, कुलूप लावलेल्या एका फ्लॅटच्या दारात तिला माणूस सापडला. इमारतीचा वॉचमन. हातात किल्ल्यांचा जुडगा. तो काहीतरी सांगत होता, घरमालक, कुंड्या, पाणी असं काहीतरी. चोर पकडल्यावर बोलतातच. माईने ऐकायला कान दिलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मथळा होता, 'पोलादबाई परतली!' सुनेने गोड केलं. काकांनी दोनदा वाढून घेतलं. माईने ते पान घडी करून उशीखाली ठेवलं होतं. एकसष्टाव्या वर्षी, एखाद्या शाळकरी मुलीसारखं.

त्या मथळ्यानंतर ती रोज दुपारी मुखवटा चढवून म्हाताऱ्या माणसांच्या जिन्यांत पहारा करू लागली होती. वॉचमनला कोठडीत जाऊन आज नऊ दिवस झाले होते.

*

थोरला आला तो दुकानाचं शटर ओढूनच. बाप गेला त्या दिवसानंतर शटर दुपारी पहिल्यांदा खाली आलं होतं. त्याने काकांच्या हाताकडे पाहिलं, माईच्या कपाळाकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कुणी पाहिलं?"

"का केलं असं नाही विचारत तू?" माई म्हणाली.

"आधी तो मुखवटा काढ. खिडकी उघडी आहे."

माईने तो काढला. हातात धरवेना म्हणून टेबलावर ठेवला, तिथेही बघवेना म्हणून खिशात कोंबला.

धाकटी मुलगी आली ती रुग्णालयातून, प्रयोगशाळेचा पांढरा कोट अंगात तसाच. रक्त तपासण्याचं तिचं काम. पण हाड बसवणाऱ्यांच्या शेजारी दहा वर्षं काढलेली. तिने सुनेची पट्टी सोडली, नीट आधार देऊन हात पुन्हा बांधला. काका कळवळले तशी तिने मान वर केली.

"माई, इतक्या जोरात?"

"मला माहीत नव्हतं कोण आहे ते."

"माहीत नसलं की हात मोडायचा?"

सव्वीस वर्षं तसंच चाललं होतं.

"आता ऐका माझं," थोरला खुर्ची ओढून बसला. "काका, वस्तू कुठे आहेत?"

"दुकानात," काका म्हणाले. "कोऱ्या किल्ल्यांचे खोके आहेत ना, त्यांच्यामागे. एक घड्याळ, एक दुर्बीण, चांदीची डबी, कानातल्यांचा जोड. आणि पोस्टमास्तरांचं पेन. विकलं काही नाही. विकायला घेतलंच नव्हतं."

"उत्तम. मग प्रत्येकाची वस्तू खोक्यात घालून दाराशी ठेवून द्यायची. वस्तू परत मिळाली की लोक ओरडायचे थांबतात. काका आजपासून दुकानात एकटे बसणार नाहीत. विषय संपला."

"आणि वॉचमन?" सुनेने विचारलं. ती ओट्याशी पाठ टेकून उभी होती.

"सुटेल तो. पुरावा काय आहे त्याच्याविरुद्ध?"

"मी आहे ना पुरावा," माई म्हणाली. "पोलादबाईने बांधून आणलेला माणूस. त्यातला आजवर एकही सुटलेला नाही."

हे वाक्य पूर्वी तिने किती तरी वेळा अभिमानाने ऐकलं होतं. आज स्वतःच्या तोंडून ऐकताना तिचे कान तापले.

"मग पोलादबाईनेच चिठ्ठी टाकावी," धाकटी म्हणाली. "चूक झाली, हा तो नव्हे, सोडा याला. कुणाचं नाव घ्यायची गरजच नाही."

माईने चमकून तिच्याकडे पाहिलं. लहानपणापासून या मुलीने आईला खरंखोटं शिकवलं होतं. आईची प्रत्येक सबब तिने पुस्तकातल्या चुकीसारखी लाल पेन्सिलीने खोडली होती. आणि आज ती भावाच्या बाजूला जाऊन उभी होती.

"असं बघू नकोस माझ्याकडे," धाकटीचा आवाज फुटला. "माझ्या प्रगतिपुस्तकावर सही यांची आहे, माई. चौथीपासून दहावीपर्यंत. मला गोवर आला तेव्हा तू कुठल्यातरी गच्चीवर होतीस. तुझ्यासाठी तो एक चोर असेल, माझा काका आहे तो."

चिठ्ठी. माईच्या मनाने ती लिहायलाही घेतली होती. दोन ओळी, ठळक अक्षरात, खाली सही नाही. काका घरात राहतील, आजींना कळणार नाही, दुकान चालू राहील, वॉचमन घरी जाईल. सगळं किती सोयीचं! त्या सोयीने तिला क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणूनच अंगावर काटा आला.

"चिठ्ठीने नाही सुटणार तो," सून म्हणाली.

"तुला काय माहीत?" थोरला म्हणाला.

"सांगू? तुम्ही सांगता की मी सांगू?"

थोरल्याने टेबलावरचं पाणी उचललं आणि न पिता परत ठेवलं.

"परवा त्याची बायको दुकानात आली होती," सून माईकडे वळून म्हणाली. "मी डबा द्यायला गेले होते. तिने काउंटर धरून ठेवलं होतं दोन्ही हातांनी. म्हणाली, चार घरच्या लोकांनी कुंड्यांना पाणी घालायला म्हणून याला किल्ल्या दिल्यात, आणि त्या सगळ्या तुमच्याकडूनच करून घेतल्यात. ते लोक गावाला गेलेत, फोन लागत नाही. तेवढं लिहून द्या, की किल्ल्या मालकांनी स्वतः येऊन करून नेल्या. पोलीस किल्ल्यांनाच धरून बसलेत. आणि हे म्हणाले—"

"मी म्हणालो की लक्षात नाही," थोरला पुटपुटला. "रोज शंभर किल्ल्या होतात."

"दहा वर्षांपूर्वी केलेली किल्ली तू दातांवरून ओळखतोस," माई म्हणाली. "बापाने शिकवलंय तुला. खोटं बोललास?"

"हो! बोललो खोटं!" थोरल्याने टेबलावर हात आपटला. "मी लिहून दिलं की मागोमाग पोलीस दुकानात येतील हे कळत होतं मला. काका दुपारचे दोन-दोन तास नसतात. कोऱ्या किल्ल्या कमी होतायत. मला दिसत नव्हतं? पण बोललो असतो तर ते खरं झालं असतं. आणि खरं झालं असतं तर लोक काय म्हणाले असते? किल्ल्या करणाऱ्याच्या घरातच चोर. कोण येईल मग दुकानात? कोण देईल आपल्या घराची किल्ली माझ्या हातात?"

"म्हणून तिला तशीच पाठवलीत," सून म्हणाली. "मीही तुमच्यामागे गप्प उभी राहिले. घरी येऊन भाकरी गिळली. मला वाटलं, आपल्याला काय करायचंय."

सगळ्यांनाच थोडंथोडं माहीत होतं, आणि आपापला तुकडा प्रत्येकाने खिशात लपवून ठेवला होता. एकट्या माईला काहीच माहीत नव्हतं. गुन्हेगाराचा माग काढण्यात जिचा हात कुणी धरत नव्हतं, तिला.

"भाऊजी," ती म्हणाली, "का?"

काकांनी डाव्या हाताने चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा तिच्या नवऱ्यासारखा दिसायचा.

"तू निवृत्त झालीस तेव्हा आपण सगळे इथेच बसलो होतो," ते म्हणाले. "दादा बोलला, मुलं बोलली. मी कपबशा विसळत होतो. दादा म्हणाला, हिने आता विश्रांती घ्यावी. आणि माझ्या मनात आलं, मी कशातून निवृत्त झालो? कुणी सांगेल का मला? सव्वीस वर्षं तुला दारं उघडून दिली, वहिनी. बाहेर कुणाला माहीत नव्हतं ते ठीकच. पण घरात? घरातही कुणी म्हटलं नाही."

"म्हणून चोरी?"

"आधी नुसतंच जायचो. किल्ली फिरवायची, आत जाऊन खुर्चीवर पाच मिनिटं बसायचं, परत कुलूप लावून यायचं. हात अजून चालतोय एवढं बघायला. मग एकदा घड्याळ उचललं. ते गेल्याचं त्या माणसाला कळलं, पोलीस आले, सगळी गल्ली बोलायला लागली. बरं वाटलं मला. लाज वाटते सांगायला, पण बरं वाटलं."

"आणि पोस्टमास्तर?"

"मी हात नाही लावला त्यांना. आपल्या आईची शपथ. ते मागे सरकले आणि गेले."

"आणि तू त्यांना तसंच टाकून आलास?"

छत्तीस वर्षांत माईने दिराला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. ते कळून दोघंही दचकले.

"आलो," काका म्हणाले. "खाली उतरताना त्यांच्या अंगावरून पाय टाकून आलो. डोळे उघडे होते त्यांचे."

धाकटीने तोंड फिरवलं. काकांच्या खांद्यावरचा तिचा हात तिथेच होता, पण बोटं सैल पडली होती.

"मग मी त्या वॉचमनला धरला," माई म्हणाली. "तुम्ही इथे, या खुर्चीवर बसला होतात. तेव्हा तरी बोलायचंत."

"भीती वाटली. आणि..." ते थांबले. "तू इतकी खूश होतीस. नऊ वर्षांनी गाणं म्हणत होतीस स्वयंपाकघरात. कुणाच्या तोंडाने सांगणार होतो, की तू चुकलीस म्हणून?" मग मान खाली घालूनच त्यांनी विचारलं, "वहिनी, एक सांगशील? याआधी तू जेवढे बांधून नेलेस, त्यातले सगळेच खरे होते?"

प्रश्नात खवचटपणा नव्हता. खरोखर माहिती हवी असल्यासारखं त्यांनी विचारलं. माईने आठवून पाहिलं. पाठी आठवल्या, कॉलर आठवल्या, दोरीच्या गाठी आठवल्या. चेहरा एकही आठवेना. कुणी काय सांगत होतं तेही आठवेना. चोर ठाण्यापाशी ठेवला की तिच्या लेखी गोष्ट संपायची. पुढे काय झालं हे तिने कधी विचारलं नव्हतं, आणि कुणी येऊन सांगावं तर मुखवट्याला घराचा पत्ता नव्हता.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. मुलांसमोर हे शब्द तिने पहिल्यांदाच उच्चारले होते.

*

"कोण रडतंय?" खिडकीतून आजींनी विचारलं.

कुणी रडत नव्हतं. धाकटी उठून त्यांच्या कानाशी वाकली. "कुणी नाही, आजी. काकांचा हात दुखावलाय जरा."

"बहिरी आहे मी, आंधळी नाही," आजी म्हणाल्या. "पोलादबाई, इकडे ये."

माई जाऊन खुर्चीपाशी उभी राहिली. एकेकाळी बस उचलणारी बाई सासूसमोर मान खाली घालून उभी होती.

"काय चोरलं त्याने?"

माईने सांगितलं. मोठ्याने सांगावं लागलं, दोनदा. वस्तूंची नावं, पोस्टमास्तरांचं पडणं, वॉचमनची कोठडी. प्रत्येक शब्द ओरडून उच्चारताना तो शब्द भिंतीवर लिहिल्यासारखा वाटत होता. काका टेबलाशी डोळे मिटून बसले होते.

आजी मांडीवरची शाल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपत राहिल्या.

"तू बाहेर हिंडायचीस तेव्हा हे घर त्याने धरलं होतं," त्या म्हणाल्या. "ते तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे, आई."

"बोललीस कधी?"

"नाही."

"मीही नाही बोलले. मला वाटायचं, माझं पोर आहे, करणारच." त्यांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "आता त्याला तू धरलंस. मग नीट धर. मध्येच सोडून चिठ्ठ्या काय लिहितेस? दुसऱ्यांची पोरं नेताना तुझे पाय कधी अडखळले नव्हते. त्या वॉचमनलाही आई असेल कुठेतरी."

"आजी, अहो, कळतंय का तुम्हाला काय म्हणताय?" थोरला उठला. "काका तुरुंगात जातील! या वयात!"

आजींना ते ऐकू आलं नाही, किंवा आलंही असेल. त्या सुनेकडे बघून म्हणाल्या, "त्याला आधी चहा दे. तिथे देतील न देतील. आणि साखर जास्त घाल, त्याला लागते."

चहा आला. काकांचा उजवा हात बांधलेला. त्यांनी डाव्याने कप उचलला, बशीत सांडला. मग आजी भिंत धरत, सुनेचा दंड धरत टेबलापाशी आल्या, खुर्चीवर बसल्या आणि अठ्ठावन्न वर्षांच्या लेकाला त्यांनी बशीने चहा पाजला. शेवटच्या घोटापर्यंत. थोरला तोंड धुवायला म्हणून आत गेला आणि बराच वेळ नळ वाहत राहिला.

*

ठाणं पंधरा मिनिटांच्या वाटेवर होतं. माई, काका आणि सून चालत निघाले. वस्तूंची पिशवी सुनेकडे होती. दुकान उघडून त्या काढून द्यायला थोरला आला होता, पण पुढे आला नाही. अर्ध्या शटरखाली वाकून तो त्यांच्याकडे बघत राहिला. धाकटी चौकापर्यंत काकांचा डावा हात धरून आली. तिथे तिने तो माईच्या हातात दिला, आणि परत फिरली.

या रस्त्याने माई पूर्वी कितीदा आली होती, पण कधी जमिनीवरून नाही, छपरांवरून, भिंतींवरून. समोरच्या दारातून आत शिरायची ही पहिली वेळ. आत बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर डबा, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. सुनेने माईचा दंड दाबला. वॉचमनची बायको ती हीच.

ड्युटीवरचा अधिकारी तरुण होता. "बोला, आजी," तो म्हणाला.

"मी पोलादबाई."

तो हसला. चांगल्या मनाचं हसू होतं ते. रोज कुणी ना कुणी काहीतरी येऊन सांगतच असेल. त्याने पाणी मागवलं, बसायला सांगितलं. माईला हे टाळायचं होतं; पण दुसरा मार्ग नव्हता. तिने भिंतीशी असलेलं फायलींचं लोखंडी कपाट एका हाताने उचललं, कमरेएवढं वर धरलं आणि आवाज न होऊ देता परत ठेवलं. पूर्वी अशा वेळी लोक ओरडायचे, टाळ्या वाजवायचे. इथे फक्त वरची धूळ खाली आली. बाकावरची बाई उभी राहिली होती.

अधिकाऱ्याचा चेहराच बदलला. "लहानपणी तुमचं चित्र होतं माझ्या खोलीत," तो म्हणाला. "भिंतीवर, पलंगाच्या बरोबर वर. तुमच्यामुळे या खात्यात आलो मी."

"लिहून घ्या," माई म्हणाली. "नऊ दिवसांपूर्वी मी ज्याला बांधून आणला, तो निर्दोष आहे. ज्याने केलं, तो माझा दीर. हा इथे उभा आहे. या वस्तू."

काकांनी मान डोलावली. स्वतः पुढे होऊन एकेक वस्तू टेबलावर मांडली आणि कुठल्या दिवशी कुठल्या घरातली, ते न अडखळता सांगितलं.

"होतं असं, बाई," अधिकारी हळू आवाजात माईला म्हणाला. तिला सांभाळून घ्यायची त्याची धडपड चालली होती. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तो माणूसही तसा काही धुतल्या तांदळासारखा नसेलच. काहीतरी केलंच असेल."

"त्याने काही केलेलं नाही," माई म्हणाली. तिचा आवाज चढला. "काहीच नाही. हेच लिहा. माझ्या नावापुढे लिहा."

आणि मग तिने आपलं खरं नाव सांगितलं. अधिकाऱ्याने ते दोनदा विचारून नीट लिहून घेतलं. आता ते उद्याच्या वर्तमानपत्रात येईल, थोरल्याच्या दुकानाच्या पाटीवर चिकटेल, धाकटीच्या रुग्णालयात कुजबुजलं जाईल. ज्यांना तिने बांधून आणलं होतं, त्यांनाही आता पत्ता मिळेल. माईने खाली सही केली.

काकांना आत नेताना त्यांनी मागे वळून सुनेला सांगितलं, "आईच्या पायाला रोज तेल लावायचं असतं. डाव्याला जास्त." मग एकदा माईकडे पाहिलं.

कागदांना तासभर लागला. मग आतलं दार उघडलं आणि वॉचमन बाहेर आला. पन्नाशीचा, सडपातळ माणूस. दाढी वाढलेली. बायकोने डबा बाकावर ठेवला आणि त्याच्या दोन्ही दंडांना हात लावून पाहिला, जणू काही कमी झालंय का ते बघत होती. त्याने पट्टा मागून घेतला, कमरेला बांधला. माई भिंतीशी उभी होती. तो समोरून निघाला तशी ती पुढे झाली.

रस्त्यात ती मनातल्या मनात बरंच काही जुळवत आली होती. त्यातलं एकही वाक्य आता जागेवर नव्हतं. "ती मी होते," ती म्हणाली. "तुम्ही सांगत होतात आणि मी ऐकून घेतलं नाही. माझ्यामुळे तुम्हाला हे सगळं सोसावं लागलं. माफ करा म्हणायचं मला तोंड नाही, पण..."

वॉचमन चालतच राहिला. तिच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. माईला वाटलं, बरोबरच आहे. तिने मान खाली घातली.

"त्या बाजूने बोलून उपयोग नाही," त्याची बायको म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. नवीन झालेली एक गोष्ट ती नुसती कळवत होती. "त्या कानाने नाही ऐकू येत आता. तुम्ही मारलीत ना चापट, त्या दिवसापासून."

माईने आठवायचा प्रयत्न केला. चापट? तिला अशी कुठलीच चापट आठवत नव्हती.

नवराबायको दारात पोचले होते. बाहेर संध्याकाळची वर्दळ सुरू झाली होती. माई धावली. गुडघे ओरडले तरी धावली. त्यांना वळसा घालून ती त्या माणसाच्या दुसऱ्या बाजूला गेली, त्याच्या पावलाशी पाऊल जुळवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.